लाल रबरबँडची बाटली

आरशात तिला आधी स्वतःचं डोकं दिसलं, मग पाठीमागच्या भिंतीवरचा दुसरा आरसा दिसला, आणि त्या दुसऱ्या आरशात, नीट न सरकवलेल्या पडद्याच्या फटीतून, आतल्या खोलीतला ओटा. ओट्यावर तिची बाटली उभी होती. बाटली तिचीच होती, कारण गळ्याशी लाल रबरबँड होता आणि तो तिनं स्वतःच्या हातानं दुहेरी गुंडाळून बसवला होता. बाटलीच्या तोंडात नरसाळं खोचलेलं होतं. पार्लरवाली मोठा निळा कॅन पोटाशी धरून तिरका करत होती आणि कॅनमधलं दाट पांढरं क्रीम सावकाश नरसाळ्यात उतरत होतं. मध्येच एक बुडबुडा वर आला आणि फुटला. पार्लरवालीनं बाटली ओट्यावर दोनदा आपटली, क्रीम खाली बसलं, आणि तिनं पुन्हा कॅन कलता केला. तिचा हात इतका सरावलेला होता की यात बघण्यासारखं काही नाहीच, असं कुणालाही वाटलं असतं.

काळजात धस्स होणं म्हणतात ते आता व्हायला हवं होतं. खुर्चीत बसून तिनं त्याची वाट पाहिली. गळ्याभोवतीच्या टॉवेलची कड टोचत होती. पंखा मधूनमधून कुरकुरत होता. शेजारच्या खुर्चीतल्या बाईच्या डोक्यावर चांदीच्या कागदाच्या घड्या बांधलेल्या होत्या आणि त्या अवतारात ती फोनवर कुणाला तरी नळ दुरुस्त करणाऱ्याचा पत्ता समजावून सांगत होती. सगळं होतं तसं चालू होतं, धस्स तेवढं झालं नाही. त्या निळ्या कॅनची तिला पुरती ओळख होती. इथे पहिल्यांदा आली तेव्हाच तिनं तो फिरवून, पर्समधलं भिंग काढून, त्याच्यावरची बारीक अक्षरं वाचली होती. पाणी, मग एक लांबलचक न उच्चारता येणारं नाव, आणि लगेच गव्हाचं प्रोटीन. शेवटी कुठेतरी अंग चोरून बसलेला गहू नव्हे, पहिल्या पंगतीला बसलेला. तेव्हा तिनं पार्लरवालीला सांगितलं होतं की मला गहू चालत नाही, केसांना लावायचंसुद्धा नको, मी माझं क्रीम आणून ठेवीन. पार्लरवालीनं समजूतदारपणे मान हलवली होती. ती मान हलवणं तिला अजून आठवत होतं, कारण त्या काळात मान हलवणारी माणसं फार थोडी भेटत होती.

सुरुवात बोटांपासून झाली होती. चष्म्याच्या दुकानात ती काचा बसवायची, दांड्या गरम करून कानामागे बसतील अशा वाकवायची, आणि ज्यांचा स्क्रू निसटलाय त्यांना स्क्रू लावून द्यायची. तो स्क्रू तिळाहून लहान असतो. चिमट्यानं उचलण्यापेक्षा तिला तो बोटाच्या टोकावर चिकटवून घेणं सोपं जायचं, आणि वर्षानुवर्षं त्यात कधी चूक झाली नव्हती. एका दुपारी एक स्क्रू हरवला म्हणून ती काउंटरखाली वाकून, टॉर्च लावून शोधत बसली. शेवटी गिऱ्हाइकानंच सांगितलं, की अहो, तुमच्या बोटालाच चिकटलाय. तिनं बोट बघितलं. होता. पण तो आहे हे डोळ्यांनी सांगितलं, बोट गप्प होतं. मग तळपाय गेले. चपला घातल्यात की नाही हे तिला खाली बघून ठरवावं लागायला लागलं. मुंग्या येतात का, असं सगळे विचारायचे. मुंग्या आल्या असत्या तर त्या आलेल्या तरी कळल्या असत्या. बऱ्याच डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवल्यावर, सुया टोचून, विजेचे झटके देऊन झाल्यावर, एका उंच, संथ बोलणाऱ्या डॉक्टरनं निदान केलं. गहू. गव्हातलं ग्लुटेन. तिनं सांगितलं की पण माझं पोट तर ठणठणीत आहे. डॉक्टर म्हणाला, काहींचं पोट बोलतच नाही, नसाच बोलतात. आणि मग, तिला बरं वाटावं म्हणून की काय, म्हणाला की खाणं कडक पाळलंत तर बोटं परत येतील, हळूहळू येतील, पण येतील. बोटं कुठेतरी परगावी गेल्यासारखं तो बोलत होता.

नवऱ्यानं सगळं खिलाडूपणानं घेतलं, तेव्हा तरी. तो पोहायला शिकवायचा. सकाळ-संध्याकाळ तलावाच्या काठावर गळ्यात शिट्टी अडकवून उभा असायचा, आणि कुणी फारच गटांगळ्या खायला लागलं की कपड्यांसकट पाण्यात उतरायचा. पाण्यातून आलेल्या माणसाला लागते तशी भूक त्याला लागायची आणि त्या भुकेला त्याच्याकडे एकच उत्तर होतं, पाव. भाजलेला, न भाजलेला, लोणी लावून, नुसता. ओट्याशी उभं राहून, अंगाला अजून तलावाच्या औषधाचा वास असताना, तो पाव खायचा आणि मिशी झटकायचा. विशीपासून ठेवलेली दाट मिशी होती त्याची. लग्नाच्या आधी तिच्या मोठ्या बहिणीनं त्याला पाहिलं तेव्हा, माणूस बरा आहे, पण मिशीच्या मागे नक्की कोण आहे ते विचारून घे, असं म्हटलं होतं. निदान झाल्यावर त्यानं स्वतःहून टोस्टर उचलून गॅलरीत नेला. सुरी वेगळी केली, घासणी वेगळी केली, स्वतःच्या ताटलीवर रंगाचा ठिपका दिला. काही दिवसांनी टोस्टर गॅलरीतून खालच्या मजल्यावर कुणाला तरी देऊन टाकला. तिनं त्याला एकदाही सांगितलं नव्हतं. घरातला गहू एकेक पाऊल मागे सरकत दाराकडे निघाला होता आणि त्याला पोचवायला तो स्वतः बरोबर जात होता.

केसांचं मात्र कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, तिच्याही नाही. एके दिवशी अंघोळीनंतर तिनं सहज बाटली फिरवली आणि तिथे गहू. मग ती दुकानं पालथी घालायला निघाली. चष्म्याच्या दुकानातलं भिंग पर्समध्ये ठेवायला लागली ते तेव्हापासून. फडताळांपुढे उभी राहून बाटल्या उलट्या करायची, भिंग डोळ्याला लावायची. गहू कुठेही गहू म्हणून बसलेला नसायचा. कुठे लॅटिन नाव धारण करून, कुठे अंकुराचं तेल होऊन, कुठे नुसताच वनस्पतिजन्य प्रोटीन म्हणून. शॅम्पू मिळाले. धुऊन झाल्यावर लावून तसंच ठेवायचं क्रीम मात्र मिळेना. ते बनवणाऱ्यांची पक्की समजूत होती की केसांना बळ आणायचं तर गव्हाला पर्याय नाही. एका दुकानातल्या मुलीनं बराच वेळ तिच्याकडे बघून शेवटी न राहवून सांगितलं की मॅडम, हे प्यायचं नसतं. नणंद म्हणाली, आता केसांनाही पथ्य का. डॉक्टरला विचारलं तर तोही हसला. कातडीतून आत जात नाही हो, म्हणाला, तोंडात जाणार नाही एवढं बघा म्हणजे झालं. केसांचं क्रीम तोंडात कसं जाईल, म्हणून तीही हसली होती. तरी ती शोधत राहिली. बोटांवर भरवसा उरला नव्हता. हाताला काय लागलंय हे हाताला कळत नसेल तर ते कुठे कुठे जाईल कुणी सांगावं. शेवटी एका छोट्या कारखान्याचं, वास नसलेलं, रंग नसलेलं, दिसायला अगदी दीनवाणं असं एक क्रीम सापडलं. लांबून मागवावं लागलं. बाटली हातात पडली त्या दिवशी तिला एखादी परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं. तिनं बाटलीच्या गळ्याला लाल रबरबँड घातला आणि ती पार्लरमध्ये नेऊन दिली.

तिथे काय व्हायचं हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं होतं तरी काय. खुर्ची मागे कलायची, मान त्या थंड खोबणीत बसायची, कोमट पाणी कपाळाच्या वरून मागे जायचं. इथवर काहीच नाही. मग पार्लरवाली केस टिपून घ्यायची, बाटलीतलं क्रीम तळहातांवर पसरायची आणि दहाही बोटं केसांच्या मुळाशी घालून डोकं चोळायला लागायची. कानांच्या मागून वर, कवटीच्या मधोमध, मग मानेच्या खड्ड्यात, आणि शेवटी हाताला उरलेलं क्रीम केसांच्या टोकांपर्यंत. बोटं गेली होती, तळपाय गेले होते, पण डोकं राहिलं होतं. डोक्याचं कातडं जिवंत होतं, आणि एवढं जिवंत असेल याची तिला कल्पना नव्हती. एकेक बोट वेगळं कळायचं. पार्लरवालीच्या उजव्या अंगठ्याला कात्रीचा घट्टा होता, तोही कळायचा. कधी कधी मिटलेल्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि ते केसांतल्या पाण्यात मिसळून जायचं, त्यामुळे कुणाला काही स्पष्टीकरण द्यावं लागायचं नाही. घरी तिला आता कुणी हात लावत नव्हतं. लावला असता तरी तिला तो अर्धामुर्धाच कळला असता, असं ती स्वतःला सांगायची. पार्लरला जायच्या दिवशी ती सकाळपासून थोडी माणसात असायची. दुकानात गिऱ्हाइकांशी दोन शब्द जास्त बोलायची. बाटली संपली असेल ना, नवी मागवू का, असं ती अधूनमधून विचारायची. पार्लरवाली म्हणायची, आहे हो ताई अजून पुष्कळ. काटकसरी बाई आहे, थोडक्यात भागवते, असं वाटून ती समाधान पावायची. एक बाटली एवढी वर्षं कशी पुरते हा प्रश्न, बाकी सगळ्या बाटल्या भिंगाखाली वाचणाऱ्या तिला, कधी पडला नाही.

पहिल्या वर्षात बोटं खरंच थोडी परत आली होती. करंगळी आधी आली. चहाचा कप गरम आहे हे करंगळीनं सांगितलं तेव्हा तिनं नवऱ्याला हाक मारली होती आणि तो तोंडात दातांचा ब्रश तसाच ठेवून धावत आला होता. मग करंगळी पुन्हा गेली. रक्ताचा रिपोर्ट वाईट आला. डॉक्टर कागद बघत म्हणाला, कुठून तरी जातंय, घरात बघा. तिनं घरात बघितलं. ओटा पुसला, फडताळं धुतली, चमचे उकळले. पुढचा रिपोर्ट आणखी वाईट आला. तेव्हा तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो तलावावरून आला होता, बाहेर कुठेतरी खाऊन आला होता, दात घासून, चूळ भरून शहाण्या मुलासारखा तिच्यापुढे बसला होता, आणि त्याच्या मिशीत, डाव्या बाजूला, पावाचा एक कण होता. बारीकसा. भिंग न लावता दिसला. तिला आठवलं की सकाळी जाताना त्यानं तिच्या गालाला ओठ लावले होते. काल लावले होते. परवा. ती त्याच्या मिशीकडे बघत राहिली आणि तिला वाटलं, सापडलं.

ती काही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, भांडण झालं असतं, भांडण मिटलं असतं. तिनं एखाद्या गिऱ्हाइकाला काचेचा नंबर सांगावा तसं सांगितलं की तुझ्या मिशीतून मला जातंय. त्यानं बोटांनी मिशी चाचपली, कण सापडला, त्याच्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो न्हाणीघरातून बाहेर आला तेव्हा मिशी नव्हती. वरचा ओठ बाकी चेहऱ्याहून पांढरा होता आणि लांब होता, तो एवढा लांब असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. तलावावर पोरं शिट्टीला भीक घालेनाशी झाली म्हणून त्यानं संध्याकाळी सांगितलं. तिनं हसायला हवं होतं. मिशी गेली तरी पुढचा रिपोर्ट सुधारला नाही. म्हणजे ओठच. मग ओठ नको झाले. मग उशी, चादर, त्याचा श्वास. एका रविवारी तो आपली गादी बाहेरच्या खोलीत घेऊन गेला, पाठ दुखते असं म्हणत. आणि पाव खायला तो जिन्यात जायला लागला. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये जिथे जिना वळतो तिथे खिडकी होती, खिडकीखालच्या पायरीवर कागद पसरून तो बसायचा. वरच्या मजल्यावरचे काका सुरुवातीला थांबून विचारायचे, काय हो, वहिनींनी घराबाहेर काढलं का. तो हो म्हणायचा. पुढे त्यांनीही विचारणं सोडलं. ती कामावरून येताना त्याच वेळी जिना चढायची. ती दिसली की तो कागदावरचे कण गोळा करायचा, भिंतीला चिकटून वाट द्यायचा आणि ती पुढे जाईपर्यंत तोंड मिटून, चेहरा खिडकीकडे वळवून बसायचा. तिला त्याचा श्वास लागू नये म्हणून. तिनं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला काहीतरी वाटलं होतं. काय, ते आता आठवत नव्हतं. पुढे तीही त्या वळणावर श्वास धरून चढायला लागली.

आतून कॅनचं झाकण फिरवल्याचा आवाज आला. तिनं नजर मागच्या आरशावरून काढून समोरच्या आरशात आणली. समोर एक बाई बसली होती, गळ्यात टॉवेल, केस मोकळे, आणि त्या केसांची एक बट बाईच्या तोंडाच्या कोपऱ्यात होती. बाई ती बट दातांत धरून होती. अगदी सहज, शाळेत गणित सोडवणारी मुलगी धरते तशी. तिनं तोंड उघडलं आणि बट गळून खांद्यावर पडली, ओली. मग तिला स्वतःचीच दुकानातली बसण्याची पद्धत दिसली. वाकलेली मान, हातात चष्मा, बोटावर स्क्रू, आणि वेणीचं टोक दातांत, डोळ्यांवर येऊ नये म्हणून आणि हात मोकळे राहावेत म्हणून. लहानपणी आई म्हणायची, केस खाऊ नकोस. मालक म्हणायचे, बाई आज जेवणाचा डबा विसरलात का. एवढ्या वर्षांत सगळ्यांनी पाहिलं होतं. पार्लरमधून आली की वेणीचं टोक तीन-तीन दिवस मऊ राहायचं, त्याला थोडी गोडसर चव असायची, आणि ती चव तिला आवडायची. तिला लाज वाटली. इतक्या वेळात काही वाटलं असेल तर ते हे, लाज, आणि तीही लांबून, भिंतीपलीकडे कुणी बोलत असावं तशी.

पार्लरवाली बाटली घेऊन आली. बाहेर ओघळलेलं क्रीम तिनं पुसून घेतलं होतं आणि रबरबँड नीट वर सरकवला होता.

"माझी बाटली तू त्या कॅनमधून भरतेस?" तिनं आरशातूनच विचारलं.

"संपली की भरते ना," पार्लरवाली म्हणाली. "पण तुमची मी कुणालाही लावत नाही हं ताई. परवा एकीनं मागितली, म्हटलं, ती ताईंची आहे, तिला हात लावायचा नाही."

"केव्हापासून भरतेस?"

"पहिल्यापासूनच की. तुमची ती आणलेली तर पहिल्या उन्हाळ्यातच संपली. म्हटलं, तुम्ही परत कुठे दुकानं पालथी घालत फिरणार. वासाचा कॅन नाही घेत मी तुमच्यासाठी, हा बिनवासाचाच घेते." तिच्या बोलण्यात थोडा अभिमान होता.

त्यात खोटं काही नव्हतं. पार्लरमध्ये सगळ्याच बाटल्या कॅनमधून भरल्या जातात, कुणीही रिकामी बाटली फेकत नाही. आणि माझं वेगळं ठेव, असं म्हणणाऱ्या बायका काही कमी येत नाहीत. कुणाला आपला कंगवा लागतो, कुणाला आपला टॉवेल, कुणाला कुणाच्या तरी उवांची धास्ती. पार्लरवाली त्या सगळ्यांचं नेमानं वेगळं ठेवायची. तिनं गव्हाचं ऐकलं होतं, मान हलवली होती, आणि त्यातलं आपल्या कामाचं तेवढं उचललं होतं, की ताईंना आपली बाटली लागते. मग ती बाटली तिनं जिवापाड जपली. एवढी वर्षं, एवढ्या गर्दीत, दुसऱ्या कुणाच्या केसाला लावली नाही. घरी ठिपका दिलेली ताटली होती, वेगळी सुरी होती, वेगळी खोली होती. वेगळं ठेवण्यात कुणीच कसूर केली नव्हती.

"काही चुकलं का ताई?"

"नाही," ती म्हणाली.

सांगितलं असतं तर पार्लरवाली रडली असती. खुर्चीतल्या चांदीच्या डोक्याच्या बाईनं फोन बाजूला केला असता. हात धरून माफी मागितली गेली असती आणि ती माफी घ्यायला तिच्याकडे आत्ता काहीच नव्हतं. शिवाय आणखी एक माफी होती, ती घरी जाऊन तिनं मागायची होती. एका दिवसाला एक पुरे. ती म्हणाली, आज क्रीम नको, नुसतं पाणी.

"क्रीमशिवाय कसं चोळू? बोटं सरकणार नाहीत," पार्लरवाली म्हणाली.

"नाही सरकली तर राहू दे."

खुर्ची मागे कलली. मान खोबणीत बसली. क्रीम लावू द्यावं, तोंड घट्ट मिटून घ्यावं, घरी जाऊन साबणानं धुऊन टाकावं, असाही विचार तिच्या मनात येऊन गेला. कातडीतून आत जात नाही हो. शेवटचं एकदा. तिनं डोळे मिटले. कोमट पाणी मागे गेलं आणि ओल्या केसांत पार्लरवालीची बोटं आली, अडखळत, केस ओढत. तिनं वाट पाहिली. अंगठ्याचा घट्टा कळला. दहा बोटं दहा ठिकाणी कळली. ती पार्लरवालीची बोटं होती, दिवसभर कात्री धरून थकलेली, आज कोरडी आणि जरा गोंधळलेली. त्याच्या पुढे काही झालं नाही. मग नळ बंद झाला. दुखलं का, असं पार्लरवालीनं विचारलं आणि नाही म्हणून तिनं सांगितलं, आणि ते खरंच होतं. निघताना तिनं बाटली मागून घेतली. पार्लरवालीनं ती कागदात गुंडाळून दिली, सांडू नये म्हणून, आणि पुढच्या वेळी आणाल ना, असं विचारलं. तिनं मान हलवली.

रस्त्यावर अजून ऊन होतं. केस ओलेच होते आणि मानेवरून पाणी ब्लाउजमध्ये उतरत होतं. ती आपल्या पायांकडे बघत चालत होती, कारण ते कुठे पडतायत हे बघावंच लागायचं. घरी जाऊन काय म्हणायचं याची तिनं जुळवाजुळव करून पाहिली. माझी चूक झाली, हे म्हणायला सोपं होतं. पण चूक कुठली. कण तर खरंच होता त्याच्या मिशीत. तिनं बघितलं होतं. तो कण आणि ही बाटली यांत तिनं निवड केली होती. जिथे तिला बरं वाटायचं तिकडे तिनं बोट दाखवलं नाही, जिथे वाटेनासं झालं होतं तिकडे दाखवलं. आणि कदाचित वाटेनासं आधी झालं होतं, कण मागून सापडला. हे मनात आलं तेव्हा ती फुटपाथवर थांबली. मागून येणारा माणूस तिला वळसा घालून गेला. मग ती पुन्हा चालायला लागली.

जिन्याच्या वळणावर तो बसला होता. मांडीवर कागद, कागदावर पाव, खिडकीच्या कठड्यावर पाण्याची बाटली. तलावावरून तसाच आला होता, कानशिलांवरचे केस अजून चिकटलेले होते. तिची चाहूल लागली तसं त्यानं कागदावरचे कण हातानं गोळा केले, भिंतीकडे सरकला, तोंड मिटलं आणि चेहरा खिडकीकडे वळवला. ती त्या वळणावर आली, श्वास धरला, आणि पुढे न जाता त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

तो दचकून उठायला लागला. "अगं, इथे सांडलंय."

"असू दे."

"केस ओले आहेत तुझे. कण चिकटतील."

तिनं पर्समधून कागदाची गुंडाळी काढली आणि सोडली. बाटली त्याच्या हातात दिली. बाटलीच्या गळ्यातला रबरबँड आता जुना होऊन चिरला होता.

"यातून जात होतं," ती म्हणाली. "तुझ्याकडून नाही. ती पार्लरवाली यात दुसरंच भरत होती, गव्हाचं. आणि मी केस चघळत बसते."

त्यानं बाटली फिरवून मागून पाहिली, पुढून पाहिली. तोंडात उरलेला घास त्यानं गिळला.

"किती दिवस?"

"सगळे."

खालच्या मजल्यावर कुणी तरी दार लावलं. त्याचा आवाज जिन्यातून वर येऊन गेला. त्यानं बाटली त्या दोघांच्या मध्ये पायरीवर ठेवली, जपून, कलंडणार नाही अशी. ती बघत होती. तो रागावेल असं तिला वाटलं होतं, रागावला तर बरं, असंही वाटलं होतं. तो खिडकीबाहेर बघत होता, पण तिला श्वास लागू नये म्हणून नव्हे, नुसताच. त्याचा गुडघा तिच्या गुडघ्याला लागलेला होता. तिनं खाली बघितलं म्हणून तिला ते कळलं.

"मिशी ठेव परत," ती म्हणाली.

त्यानं मनगटाच्या पाठीनं वरचा ओठ पुसला, पूर्वी मिशीतलं पाणी निपटायचा तसा. तिथे निपटायला काही नव्हतं.

"आता पांढरी येईल," तो म्हणाला.

मग त्यानं उरलेला पाव कागदात गुंडाळला, कण सांडू न देता उठला आणि रोजच्यासारखा दात घासायला वर गेला.